विचिकित्सार्थीय शब्द आणि दूरचित्रवाणीवरील संभाषणें

१. जुन्या कागदाची परीक्षा करतांना आपण कागदाची जात, शाई, मोडीचें वळण, मायना, मित्ती व शिक्का पाहतों. त्यानंतर मजकुराकडे वळल्यावर पहिला प्रश्न असा येतो कीं, लिहिणाऱ्यानें हा प्रसंग स्वतः पाहिला, दुसऱ्याकडून ऐकिला, कीं तर्कानें बसविला? या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां एखाद्या लहानशा शब्दांत असतें. ‘ऐसें वर्तमान आलें’, ‘आवई आहे’, ‘म्हणतात’, ‘असावें’ असले शब्द मजकुराच्या कडेला उभे असतात. पण सबंध मजकुराचें वजन त्यांच्यावरून ठरतें. नकलकारानें त्यांपैकीं एक शब्द गाळला, कीं आवईचें वर्तमान होतें, आणि पुढच्या लेखकाच्या हातीं त्याच वर्तमानाचा इतिहास होतो.

प्रस्तुत लेखांत याच वर्गांतील शब्दांचा विचार करावयाचा आहे. मात्र ते दूरचित्रवाणीवरील संभाषणांतून घेतले आहेत. हा विषय संशोधकांच्या त्रैमासिकांत कां आणावा, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर सोपें आहे. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं झाला. म्हणजे मुंबई केंद्राच्या पहिल्या दिवसांसही आतां अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्या काळचे बोलणारे व ऐकणारे झपाट्यानें कमी होत आहेत आणि त्यांच्या मुलाखती हीं इतिहासाचीं साधनें होऊं लागलीं आहेत. ज्यांच्या घरीं कालपर्यंत दप्तरें होतीं, त्यांच्या घरीं आज ध्वनिफितीही आहेत. त्या ऐकून उतरवून काढण्याचें काम आपल्यापैकींच कोणास तरी करावें लागणार. तें करतांना ‘बहुधा’, ‘मला वाटतें’, ‘माझ्या आठवणीप्रमाणें’ हे शब्द ठेवावेत कीं फापटपसारा म्हणून काढून टाकावेत, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

२. आपल्या शास्त्रकारांनीं या शब्दांचा विचार फार पूर्वीं केलेला आहे. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या पहिल्या अध्यायांत निपातांची चर्चा करतांना ‘नूनम्’ हा शब्द लोकभाषेंत विचिकित्सार्थीय, म्हणजे संशय दाखविणारा, असल्याचें सांगितलें आहे. वेदांत मात्र तो कधीं संशय दाखवितो व कधीं नुसत्या पदपूरणासाठीं येतो, असें त्यांचें मत आहे. पुढें कोशकारांनीं याच शब्दाचे तर्क व निश्चय असे दोन्ही अर्थ नोंदविले. एकाच शब्दानें संशय, निश्चय व केवळ भरती अशीं तीन कामें करावीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण आजच्या संभाषणांतही हीच अडचण येते. लेखाच्या शीर्षकांतील शब्द यास्कांच्या या परिभाषेंतूनच घेतला आहे.

पाणिनीनें तर ज्ञानाचा उगम क्रियापदाच्या रूपांतच बांधून टाकला. आजच्या दिवसापूर्वींची व वक्त्यानें न पाहिलेली, म्हणजे परोक्ष, घटना सांगतांना लिट् लकार योजावा, असा त्याचा नियम आहे. या व्यवस्थेस वार्तिककार कात्यायनानें एक सूक्ष्म पुरवणी जोडली: घटना परोक्ष असली, तरी ती लोकप्रसिद्ध असेल व मनांत आणतें तर वक्त्यास पाहतां आली असती इतकी अलीकडची असेल, तर तेथें लङ् लकार योजावा. याचें उदाहरण म्हणून पतंजलीनें महाभाष्यांत यवनानें साकेत व मध्यमिका या नगरांस दिलेल्या वेढ्यांचा उल्लेख केला. एवढ्या एका क्रियापदाच्या रूपावरून गोल्डस्टकर व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं पतंजलीच्या काळाविषयीं अनुमान बांधलें. त्या अनुमानावर वाद झाले, पण पद्धतीचें महत्त्व कमी होत नाहीं. नकलकारानें लङ् काढून लिट् घातला असता, तर तो पुरावा कायमचा बुडाला असता.

याच प्रकरणांत पतंजलीनें आणखी एक गोष्ट सांगितली आहे. स्वतःच्याच कृतीविषयीं बोलतांना कोणी ‘परोक्ष’ कसें म्हणूं शकेल, अशी शंका निघते. निजलेल्या किंवा मद्य घेतलेल्या मनुष्यास स्वतःची कृतिही परोक्ष राहते, हें तर उघड आहे. परंतु जागा असलेला मनुष्यसुद्धां समोर घडणारी गोष्ट पाहत नाहीं. शाकटायन नांवाचा वैयाकरण रथांच्या वाटेवर बसला असतां समोरून गाड्यांचा तांडा निघून गेला, तरी त्यास त्याची जाणीव झाली नाहीं. इंद्रियांस मनाची जोड असेल तरच ज्ञान होतें, हें त्यामागील कारण. प्रत्यक्ष हजर असणें व प्रत्यक्ष ज्ञान होणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हा सिद्धांत येथें दोन हजार वर्षांपूर्वीं आला आहे. पुढें येणाऱ्या साक्षीची परीक्षा करतांना हा शाकटायन आपणांस पुन्हां भेटेल.

३. अर्वाचीन भाषाशास्त्रांत या शब्दांच्या अभ्यासास जॉर्ज लेकॉफ यांच्या १९७२ सालच्या निबंधानें चालना मिळाली. इंग्रजींत कुंपणवाचक ‘हेज’ हें नांव या शब्दांस त्यांनींच शास्त्रीय अर्थानें दिलें. १९८२ सालीं एलेन प्रिन्स, जोएल फ्रेडर व चार्ल्स बॉस्क यांनीं रुग्णालयांतील वैद्यांच्या आपसांतील बोलण्याचा अभ्यास करून या शब्दांचे दोन वर्ग पाडले. पहिल्या वर्गांतील शब्द विधानाचा विषयच सैल करतात. जसें, ‘सुमारें’, ‘थोडासा’, ‘एक प्रकारचा’. दुसऱ्या वर्गांतील शब्द विधान तसेंच ठेवतात, पण त्याची जबाबदारी किती घेतली तें दाखवितात. त्यांस त्यांनीं ढालीची उपमा दिली. ढाली पुन्हां दोन प्रकारच्या: ‘मला वाटतें’ ही आपल्या तर्काची, व ‘अमुक म्हणतात’ ही दुसऱ्याच्या तोंडाची. आपला मराठी ‘म्हणे’ या शेवटच्या प्रकारांत बसतो. ‘तो गेला’ व ‘तो गेला म्हणे’ यांत काळ, कर्ता, क्रिया सर्व एक आहे. फरक पडतो तो इतकाच कीं, दुसऱ्या वाक्यांत बोलणारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतून खालीं उतरला आहे.

अमेरिकेंतील न्यायालयांत विल्यम ओ’बार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढें आली. संदेहदर्शक शब्द वारंवार योजणारा साक्षीदार ऐकणाऱ्यांस कमी विश्वासार्ह वाटतो. हें शहाण्या संशोधकानें मनांत भय धरावें असें आहे. आपल्या ज्ञानाची सीमा प्रामाणिकपणें सांगणाऱ्याचें वजन घटतें व बेधडक बोलणाऱ्याचें वाढतें. न्यायालयांत बारा पंच असतात. दूरचित्रवाणीसमोर लक्षावधि पंच बसलेले असतात. तेथें या प्रवृत्तीचा परिणाम काय होत असेल, तें एका सुप्रसिद्ध प्रकरणावरून पाहूं.

४. तें प्रकरण अमेरिकेंतील वॉटरगेटचें होय. तें निवडण्याचें कारण असें कीं, दूरचित्रवाणीवर दिलेली साक्ष व ज्या संभाषणाविषयीं ती साक्ष होती त्या संभाषणाचें स्वतंत्र ध्वनिमुद्रण, हीं दोन्हीं तेथें उपलब्ध आहेत. बखर व तिच्याच प्रसंगाचें समकालीन पत्र शेजारीं शेजारीं मिळावें, तसा हा योग आहे.

थोडक्यांत वस्तुस्थिति अशी. १७ जून १९७२ रोजीं वॉशिंग्टन शहरांतील वॉटरगेट इमारतींत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरींत शिरलेले पांच इसम पकडले गेले. त्यांचा धागा राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत पोहोंचला. फेब्रुवारी १९७३ मध्यें सिनेटनें सात सभासदांची चौकशी समिति नेमली. सॅम अर्विन हे तिचे अध्यक्ष व हॉवर्ड बेकर उपाध्यक्ष होते. १७ मे १९७३ पासून समितीचें कामकाज दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आलें. तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीनें तर दिवसाचें कामकाज रात्रीं पुन्हां आरंभापासून शेवटापर्यंत दाखविलें, व तें मुद्रण आजही जतन केलेलें आहे. त्या उन्हाळ्यांत ‘माझ्या उत्तम स्मरणाप्रमाणें’ व ‘या कालबिंदूस’ असे साक्षीदारांचे शब्दप्रयोग अमेरिकेंत घरोघरीं थट्टेचा विषय झाले. लोकांनीं त्यांकडे लबाडीची खूण म्हणून पाहिलें. तें कितपत खरें होतें, हें तीन साक्षींवरून तपासतां येतें.

५. पहिली साक्ष राष्ट्राध्यक्षांचे माजी विधिसल्लागार जॉन डीन यांची. २५ जून १९७३ रोजीं त्यांनीं २४५ पृष्ठांचें निवेदन समितीपुढें वाचलें व पुढें २९ जूनपर्यंत त्यांची तपासणी चालली. महिन्यांपूर्वींचीं संभाषणें ते इतक्या तपशिलानें सांगत कीं, कांहीं वार्ताहरांनीं त्यांस ‘मानवी ध्वनिमुद्रण यंत्र’ असें नांव दिलें. त्या वेळीं राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयांत खरेंखुरें ध्वनिमुद्रण यंत्र चालू असल्याची वार्ता जगास नव्हती. एका भेटीचें मुद्रण झालें असावें, असा संशय डीन यांनीं व्यक्त केला होता, इतकेंच.

दुसरी साक्ष अलेक्झांडर बटरफील्ड यांची. १६ जुलै १९७३ रोजीं, राष्ट्राध्यक्षांच्या दालनांत ध्वनिग्राहक साधनें असल्याचें आपणांस ठाऊक होतें काय, असा प्रश्न त्यांस विचारण्यांत आला. त्यांनीं होकारार्थी उत्तर दिलें. ती यंत्रणा त्यांच्याच देखरेखीखालीं बसविली गेली होती. म्हणून येथें तर्काला वा ऐकीव गोष्टीला जागा नव्हती. त्या एका उत्तरानें साऱ्या प्रकरणास निराळें वळण लागलें. ध्वनिफितींसाठीं कायद्याचा झगडा सुरू झाला, २४ जुलै १९७४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या देण्याचा हुकूम केला, आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजीं निक्सन पदावरून दूर झाले.

तिसरी साक्ष राष्ट्राध्यक्षांचे माजी मुख्य कार्यवाह हॉल्डमन यांची, जुलैच्या अखेरीची. २१ मार्च १९७३ च्या संभाषणाची ध्वनिफीत त्यांस ऐकावयास मिळाली होती. फोडाफोडी करूं पाहणाऱ्या आरोपींचें तोंड बंद ठेवण्यासाठीं दहा लक्ष डॉलर उभे करतां येतील, पण तसें करणें गैर ठरेल, असें राष्ट्राध्यक्ष म्हणाले होते, असें हॉल्डमन यांनीं सांगितलें.

आतां या तिन्ही साक्षी ध्वनिफितींशीं ताडून पाहूं. बटरफील्ड निःसंदेह बोलले व तें खरें होतें. हॉल्डमनही निःसंदेह बोलले. गैर असल्याचे शब्द संभाषणांत आहेतही, परंतु ते पैशाविषयीं नसून आरोपींस क्षमा देण्याविषयीं चाललेल्या बोलण्याच्या ओघांत आले आहेत. शब्द खरा, पण त्याची जागा बदलली व त्यामुळें अर्थ उलटा झाला. शपथेवर असत्य बोलल्याच्या ज्या आरोपांवरून १ जानेवारी १९७५ रोजीं हॉल्डमन दोषी ठरले, त्यांत हें विधानही होतें.

डीन यांच्या साक्षीची तुलना उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञानें केली व ती १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीविषयीं डीन यांनीं सांगितलें होतें कीं, राष्ट्राध्यक्षांनीं आपणांस बसावयास सांगितलें, हॉल्डमनकडून सर्व कळत असल्याचें सांगितलें, कामाबद्दल शाबासकी दिली, व आपण तें श्रेय नाकारून हें प्रकरण एके दिवशीं उलगडेल असा इशारा दिला. ध्वनिफितींत पाहावें, तर बसावयास सांगितल्याचे शब्द नाहींत, हॉल्डमनविषयींचे नाहींत, श्रेय नाकारल्याचे नाहींत व इशाराही नाहीं. दहा लक्ष डॉलरांचें बोलणें डीन यांनीं १३ मार्च या दिवशीं घातलें. तें झालें २१ मार्च रोजीं. २१ मार्चच्या भेटींतील पहिल्या तासाचा वृत्तांत मात्र बराच जुळतो. कारण त्या दिवशीं आपण काय बोलावयाचें याची तयारी डीन यांनीं आधीं केलेली होती.

तरी नाइसर यांचा निर्णय डीन यांस खोटे ठरवीत नाहीं. शब्द चुकले, दिवस चुकला, प्रसंग एकमेकांत मिसळले. पण झाकाझाकीची गोष्ट राष्ट्राध्यक्षांस ठाऊक होती व ते तींत सामील होते, हें सार खरें ठरलें. अनेक भेटींचा मिळून जो एक ठसा मनावर उमटला, तो डीन यांनीं एकाच भेटीच्या रूपानें सांगितला. आपला शाकटायन येथें भेटतो: मनुष्य दालनांत हजर होता, जागा होता, कान उघडे होते, तरी शब्दांचा तांडा त्याच्या समोरून निघून गेला.

आणि आतां जी गोष्ट या लेखाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची, ती अशी. याच तपासणींत डीन यांनीं स्वतः बजावलें होतें कीं, आपलें मन कांहीं ध्वनिमुद्रण यंत्र नव्हे. मात्र सांगितलेला आशय त्यास निश्चित पोहोंचतो. हें त्यांच्या साक्षींतील विचिकित्सार्थीय वाक्य. आठ वर्षांनंतर शास्त्रीय तुलनेनें जो निर्णय निघाला, तो या वाक्यांत अक्षरशः सांगितलेला आहे. म्हणजे साऱ्या साक्षींत अधिकांत अधिक अचूक विधान कोणतें म्हणाल, तर आपल्या स्मृतीची मर्यादा सांगणारें तें एक वाक्य होय. लोकांनीं तेंच नेमकें टाकलें व ज्या यंत्राची उपमा त्या मनुष्यानें स्वमुखानें नाकारली, त्याच यंत्राचें नांव त्यास दिलें. नकलकाराच्या हातून जो दोष पोथींत घडतो, तो येथें साऱ्या राष्ट्राच्या कानांनीं केला.

६. यावरून दोन निष्कर्ष निघतात. संदेहदर्शक शब्द नसणें हें प्रामाण्याचें लक्षण नव्हे. तिन्ही निःसंदेह साक्षींची किंमत तीन निरनिराळ्या प्रकारची निघाली. आणि असे शब्द असणें हें लबाडीचें लक्षण नव्हे. त्यांतलाच एक साऱ्यांत खरा निघाला. अर्थात् ढालीचा दुरुपयोग होतो, हें नाकारतां येत नाहीं. ‘आठवत नाहीं’ असें म्हणणाऱ्यास खोटें ठरविणें कठीण असतें, म्हणून आठवत असूनही तसें म्हणणारे असतात. अमेरिकेच्या कायद्यांत विस्मरणाचें असलें खोटें सोंगही शपथभंगांत मोडतें. तेव्हां एकाच शब्दाचे दोन उपयोग मानले पाहिजेत: एक ज्ञानाची मर्यादा दाखविणारा, दुसरा बोलणाऱ्याचें रक्षण करणारा. यांपैकीं कोणता, हें त्या शब्दाकडे नुसतें पाहून कळत नाहीं. दुसऱ्या साधनाशीं ताडल्यावरच कळतें. आणि ताडून पाहण्याचा दिवस उजाडेपर्यंत तो शब्द जिवंत राहिला पाहिजे.

यावर असा आक्षेप येईल कीं, बोलण्याच्या ओघांत येणारे ‘म्हणजे’, ‘तसें पाहिलें तर’, ‘मला वाटतें’ हे पुष्कळदां नुसते संवयीचे असतात. आक्षेप योग्य आहे. यास्कांनीं पदपूरण म्हणून जो वर्ग सांगितला तो हाच. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर ठाम बोलूं नये या मर्यादेपोटींही मनुष्य निश्चित गोष्ट संदिग्ध करून सांगतो. पण या वर्गांची निवड करण्यास एक साधी कसोटी आहे. तोच वक्ता आपलें नांव, गांव, शिक्षण यांविषयीं बोलतांनाही ‘मला वाटतें’ म्हणत असेल, तर तो शब्द संवयीचा समजावा. इतर सर्व ठिकाणीं सरळ बोलणारा मनुष्य एका ठराविक प्रसंगाशीं येतांच ‘बहुधा’, ‘असावें’ असें बोलूं लागला, तर तेथें थांबून विचार करावा. ही कसोटी लावण्यासाठीं अर्थातच सर्व ठिकाणचे शब्द उतरवून घेतलेले असावे लागतात. निवड आधीं व नोंद मागाहून, हा क्रम चालणार नाहीं.

७. नोंदीचा प्रश्न किती अवघड असतो, तें या प्रकरणांतील ध्वनिफितींच्या प्रतींवरूनही कळतें. ३० एप्रिल १९७४ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयानें संभाषणांच्या छापील प्रती प्रसिद्ध केल्या. त्यांत अपशब्द गाळल्याच्या व शब्द न कळल्याच्या खुणा जागोजाग होत्या. पुढें प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीनें त्याच ध्वनिफिती स्वतंत्रपणें ऐकून आपल्या प्रती तयार केल्या व आठ संभाषणांचे पाठभेद छापले. २२ मार्च १९७३ च्या संभाषणांत एके ठिकाणीं पहिल्या प्रतींत झाकाझाकीच्या भूमिकेपासून दूर होण्याविषयीं शब्द आहेत, तर समितीच्या प्रतींत झाकाझाकीची योजना पुढें चालविण्याविषयीं शब्द आहेत. फीत एक, वाक्य एक, आणि अर्थ परस्परविरुद्ध! त्याच दिवसाच्या संभाषणांतील एक महत्त्वाचा भाग पहिल्या प्रतींत मुळींच नव्हता. २० जून १९७२ च्या फितींतील साडेअठरा मिनिटें तर पुसलेलींच आढळलीं. पोथी भग्न असते, प्रक्षिप्त असते, तशी ध्वनिफीतही असते. यंत्रानें घेतली म्हणून ती शंकेच्या पलीकडे जात नाहीं.

संक्षेपाचाही एक दोष आहे. १९७७ सालीं डेव्हिड फ्रॉस्ट यांनीं निक्सन यांची मुलाखत घेतली. मुद्रण २८ तासांहून अधिक झालें. मे महिन्यांत त्यांतून दीड दीड तासाचे चार भाग दाखविण्यांत आले. निक्सन यांस सप्टेंबर १९७४ मध्येंच क्षमा मिळालेली असल्यानें कायद्याचें भय उरलें नव्हतें. तरी लोकांचा अपेक्षाभंग केल्याचें कबूल करतांना त्यांनीं कायद्याच्या दृष्टीनें अपराधाची कबुली दिली नाहीं. तेव्हां ढाल केवळ शिक्षेच्या भयानें धरली जाते असें नाहीं. लौकिकासाठींही धरली जाते. पण अशा मुलाखतीवर निर्णय देणाऱ्यानें दाखविलेले सहा तास पाहिले कीं मूळचे अठ्ठावीस, हें आधीं सांगितलें पाहिजे. संकलन करणारा मनुष्य वेळेच्या ओढीनें कात्री चालवितो, आणि अडखळणें, थांबणें, ‘नक्की सांगतां येणार नाहीं’ हे शब्द त्या कात्रीस सर्वांत आधीं सांपडण्याचा संभव असतो.

८. आतां आपल्या कामाकडे वळूं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून मूळ कागद मूळ शब्दांत छापावा, ही शिस्त महाराष्ट्रांत रुजली. दूरचित्रवाणीवरील मराठी मुलाखती उतरवितांना ती शिस्त सैल पडण्याचें भय आहे. कारण बोलणें चालू भाषेंतलें असल्यामुळें तें नीटनेटकें करण्याचा मोह अनावर होतो. ‘तेव्हां ते तिथें असावेत, म्हणे’ या बोललेल्या वाक्याचें लेखी रूप ‘तेव्हां ते तेथें होते’ असें झालें, तर भाषा सुधारली व पुरावा बिघडला. एका वाक्यांतले दोन कबुलीजबाब, एक तर्काचा व एक ऐकीवपणाचा, दोन्ही नाहींसे झाले.

भाषांतरांत हा धोका दुणावतो. इंग्रज मनुष्य ‘आय बिलीव्ह’ म्हणतो, तेव्हां पुष्कळदां त्याचा अर्थ ‘मला वाटतें’, ‘बहुधा’ इतकाच असतो. त्याचें मराठी रूप ‘माझा विश्वास आहे’ असें केलें, कीं संशयाची श्रद्धा होते. वृत्तपत्रांतून असलीं भाषांतरें नित्य दिसतात व तींच पुढें साधनें म्हणून उद्धृत होतील.

म्हणून अशा फितींचा संग्रह करणाऱ्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या, अशी सूचना आहे. पहिली: विचिकित्सार्थीय प्रत्येक शब्द मूळ ठिकाणीं, मूळ रूपांत उतरवावा, तो व्यर्थ वाटला तरी गाळूं नये. दुसरी: उत्तराबरोबर प्रश्नही अक्षरशः घ्यावा, कारण ‘हें खरें ना?’ अशा प्रश्नाला आलेलें ‘असेलही’ आणि ‘काय घडलें?’ या प्रश्नाला आलेलें ‘असेलही’ यांचें वजन एक नाहीं. तिसरी: न ऐकूं आलेल्या शब्दाची जागा रिकामी ठेवून तशी खूण करावी, तर्कानें भरूं नये, तर्क द्यावयाचा तर तळटीपेंत द्यावा. चौथी: जवळची फीत संपूर्ण मुद्रणाची आहे कीं दाखविलेल्या भागाची, तें वर नोंदवावें. पांचवी: लेखी प्रत झाली म्हणून मूळ फीत टाकूं नये, नक्कल असली तरी अस्सल जपावें, हा आपला जुनाच नियम आहे.

हीं कामें कंटाळवाणीं आहेत, यांत शंका नाहीं. एका तासाची मुलाखत अशा रीतीनें उतरवावयास कित्येक दिवस लागतील. परंतु आपल्या पिढीच्या वृद्धांनीं दूरचित्रवाणीसमोर बसून जें सांगितलें, त्यांतील काय त्यांनीं पाहिलें होतें, काय ऐकिलें होतें व काय त्यांस नुसतें वाटत होतें, हें शंभर वर्षांनंतरच्या संशोधकास सांगणारें दुसरें साधन नसणार. तो संशोधक आपल्या प्रतीवर विसंबून असेल. त्याच्यापर्यंत ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द पोहोंचवावयाचा कीं नाहीं, हें आज आपल्या हातीं आहे. संग्राहक मंडळींनीं आपापल्या जवळच्या फिती याच वर्षीं बाहेर काढून या रीतीनें उतरविण्यास आरंभ करावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतों.